वडिलांची पट्टी आणि तुझं बिल

सांगलीच्या विश्रामबागेतून एका सत्तावीस वर्षांच्या मुलीचं पत्र आलंय. लांब आहे, म्हणून थोडक्यात देते.

"ताई, मी घरातूनच पॅकिंगची डिझाइनं, लेबलं, जाहिरातींच्या पोस्ट असं काम करते. चार वर्षं झाली. कुपवाडच्या एका हळद-मसालावाल्यांना सात पाकिटांचं डिझाइन करून दिलं, दिवाळीच्या आधी. ५० हजार ठरले होते, ८ हजार आधी मिळाले, ४२ हजार अजून अडकलेत. मागायला गेलं की म्हणतात, 'जीएसटीचं बिल पाठव, त्याशिवाय पास होत नाही. तुझी फर्म तरी कुठाय?' पुण्याच्या एका एजन्सीचं महिन्याचं काम १५ हजारांना ठरलंय, पण खात्यात साडेतेराच येतात. विचारायची भीती वाटते. एक ओळखीचे म्हणतात, माझ्या फर्मच्या जीएसटी नंबरवर बिल काढून देतो, दहा टक्के दे. उद्यमच्या, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीच्या, सर्टिफिकेटचे एक जण अडीच हजार मागतोय. वडील द्राक्षबागायतदार आहेत, ते म्हणतात सरळ कंपनी काढ. काढू का? आणि ओळखीतल्या माणसांच्या मागे पैशासाठी कसं लागू?"

अगं, पहिली गोष्ट मनात पक्की कर. तुझी फर्म आहे. चार वर्षांपासून आहे. ज्या दिवशी तू कुणाचं तरी लेबल पैसे घेऊन करून दिलंस, त्या दिवशी ती सुरू झाली. एकट्या माणसाच्या धंद्याला प्रोप्रायटरशिप म्हणतात आणि तिला जन्मदाखला लागत नाही. तिचा पॅन तो तुझाच पॅन, तिची मिळकत ती तुझी मिळकत, तिचं देणंही तुझंच. गणपती पेठेत फिरलीस तर भल्यामोठ्या पाट्या दिसतील, पण त्यातल्या कितीतरी पाट्यांमागे कागदोपत्री एकच माणूस असतो. त्यांना कुणी विचारत नाही फर्म कुठाय म्हणून. तुला विचारतात, कारण तू त्यांच्या हातात कधी कागद दिला नाहीस.

बागायतदाराची लेक आहेस, म्हणून तुला कळेल अशा भाषेत सांगते. वडील बेदाणा सौद्याला घेऊन जातात. सौदा झाला की अडत्याकडून काय घेतल्याशिवाय ते घरी येत नाहीत? पट्टी. किती बॉक्स, किती किलो, काय भाव लागला, हमाली-तोलाईचे किती गेले, निव्वळ किती उरले, सगळं एका कागदावर. पैसे मागेपुढे येतील, पण पट्टी घेतल्याशिवाय ते हलत नाहीत. अडत्या घरातल्या लग्नाला येणारा असला तरी पट्टी मागितली म्हणून तो रुसत नाही आणि वडिलांनाही संकोच वाटत नाही. ज्या घरात ही शिस्त आहे, त्या घरातल्या मुलीनं सात पाकिटांचं काम मोबाइलवर पाठवलं आणि खाली काय लिहिलं? तू पत्रासोबत जोडलेला स्क्रीनशॉट समोर ठेवूनच लिहितेय. "दादा, सातही फायनल पाठवलेत. बाकीचं जमेल तसं बघा."

ह्या "जमेल तसं बघा"नं तुझं चार महिने नुकसान केलंय. त्यात रक्कम नाही, तारीख नाही, कुठल्या कामाचे पैसे ते नाही. मालकानं तो मेसेज वाचला असेल, "बघू" म्हटलं असेल आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला असेल. त्याच्या ऑफिसात पैसे सोडतो तो मुनीम किंवा अकाउंटंट. त्याला टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, नोंद करायला आणि फाइलला लावायला कागद हवा असतो. तो त्याच्याकडे पोचलाच नाही. सगळे बुडवे असतात असं मी मानत नाही. काही असतात, त्यांच्याबद्दलही सांगते. पण आधी तुझ्या बाजूचं काम पुरं करू.

बिल असं काढ. साध्या कागदावर, मोबाइलवर, कोरलमध्ये, कशातही चालेल. डिझायनर आहेस, सुबक करशीलच, पण ह्यातली एकही ओळ गाळू नकोस.

बिल
क्रमांक : २०२५-२६/००१, तारीख : २ फेब्रुवारी २०२६
तुझं पूर्ण नाव, पत्ता, पॅन. स्टुडिओचं नाव ठेवलं असेल तर ते वर आणि खाली "प्रोप्रायटर" म्हणून तुझं नाव.
घेणाऱ्या फर्मचं नाव जसं त्यांच्या पाटीवर आणि बँकेत आहे तसंच, पत्ता, त्यांचा जीएसटी क्रमांक
काम : हळद व मसाल्याच्या ७ पाकिटांचं डिझाइन, छपाईसाठी तयार फाइलींसह. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पाठवलं.
ठरलेली रक्कम : ५०,००० रुपये
आधी मिळालेले : ८,००० रुपये (कुठल्या तारखेला, कसे)
बाकी : ४२,००० रुपये, अक्षरी बेचाळीस हजार रुपये फक्त
पैसे देण्याची मुदत : बिल मिळाल्यापासून १५ दिवस
बँकेचं नाव, खाते क्रमांक, आयएफएससी, यूपीआय
टीप : जीएसटी कायद्याखाली नोंदणीची मर्यादा ओलांडलेली नसल्यानं नोंदणी केलेली नाही. ह्या बिलात जीएसटी आकारलेला नाही.
सही

वर नुसतं "बिल" लिही. "टॅक्स इनव्हॉइस" हे नाव नोंदणी असलेल्यांच्या बिलाचं, ते तू वापरू नकोस. क्रमांक ओळीनं जाऊ दे, मधला एकही सोडू नकोस आणि १ एप्रिलला नवी मालिका सुरू कर. ती शेवटची टीप फार महत्त्वाची आहे. "जीएसटीचं बिल दे" म्हणणाऱ्याला तेच तुझं उत्तर आहे.

आता त्या जीएसटीबद्दल. सेवा देणाऱ्या माणसाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की महाराष्ट्रात नोंदणी करावी लागते. त्याच्या आत सक्ती नाही. ४० लाखांचा आकडा कानावर आला असेल, तो माल विकणाऱ्यांसाठी. उलाढाल म्हणजे नफा नव्हे. १ एप्रिल ते ३१ मार्चमध्ये तुझ्या पॅनवर जेवढं काम झालं त्याची सगळी बेरीज. परदेशातलं एखादं काम आलं तर तेही त्यात धरायचं. तू कळवलेली सगळी कामं मी मांडून पाहिली, पाच लाखांच्या आतच बसतात. आपल्याकडे आणखी एक गैरसमज हमखास ऐकायला मिळतो, कारण मिरज ओलांडली की कर्नाटक जवळ. "बेळगावच्या पार्टीचं काम घेतलं की नोंदणी घ्यावीच लागते." मालाच्या बाबतीत राज्याबाहेर विक्री केली की नियम कडक आहेत. सेवांना मात्र ऑक्टोबर २०१७ मध्येच ह्या सक्तीतून सूट मिळाली. २० लाखांच्या आत असशील तर बेळगावचंही काम नोंदणीशिवाय करता येतं.

"जीएसटी नसलं तर बिल पास होत नाही" असं कायदा कुठंही म्हणत नाही. अकाउंटंटच्या डोक्यात काय असतं ते सांगते, म्हणजे तुला शांतपणे बोलता येईल. नोंदणी असलेल्या डिझायनरनं ४२ हजारांवर १८ टक्के लावले असते, म्हणजे ७,५६० रुपये वरून. ते त्यांना आधी द्यावे लागले असते आणि मग आपल्या करातून वजा करून मिळाले असते. तू तो कर लावतच नाहीस, तेव्हा त्यांचे ते पैसे जातच नाहीत. त्यांचं काडीचं नुकसान नाही. तुझं बिल त्यांच्या वहीत रीतसर खर्च म्हणून बसतं. हे त्यांना फोनवर सांग. मालकाला नको, अकाउंटंटला सांग.

आपणहून नोंदणी घेता येते आणि तिला सरकारी फी नाही, हे खरं. पण एकदा नंबर आला की काम असो-नसो रिटर्न भरायचं. शून्याचं रिटर्न चुकलं तरी दिवसाला २० रुपये, व्यवहार असलेलं चुकलं तर ५० रुपये दंड चढत जातो. एका अडलेल्या बिलासाठी हे गळ्यात बांधून घेऊ नकोस. उद्या मोठ्या कंपन्यांचं नेमानं काम येऊ लागलं आणि बेरीज २० लाखांकडे सरकू लागली, तर वेळेआधीच घे.

त्या ओळखीच्या माणसाला मात्र आजच नाही म्हण. गोड शब्दांत, पण नाहीच म्हण. काम तुझं आणि बिल त्याच्या फर्मचं, म्हणजे ज्यानं सेवा दिलीच नाही त्यानं बिल फाडलं. जीएसटी कायद्यात ह्याला दंड आहे, आणि चौकशी लागली तर फक्त त्याला नाही, सगळ्या साखळीला लागते. शिवाय मिळकत त्याच्या पॅनवर जाणार, तुझ्या नावावर काहीच राहणार नाही. उद्या कॉम्प्युटरसाठी कर्ज मागायला बँकेत गेलीस तर काय दाखवशील? चार वर्षं घाम तू गाळलास आणि धंदा त्याच्या वहीत दिसतोय. दहा टक्के हा त्यातला सगळ्यात लहान तोटा.

आता पुण्याचं. महिन्याला दीड हजार कमी येतात आणि तू विचारायला घाबरलीस, हे वाचून मला वाईट वाटलं, कारण ते पैसे बहुधा तुझेच आहेत आणि सरकारकडे तुझ्या नावावर जमा आहेत. ह्याला टीडीएस म्हणतात. व्यावसायिक फी वर्षात एका पार्टीकडून ५० हजारांच्या वर गेली की देणाऱ्यानं १० टक्के कापून तुझ्या पॅनवर भरायचे असतात. २०२५च्या एप्रिलपर्यंत ही मर्यादा ३० हजार होती. काही जण असं काम व्यावसायिक फी न धरता कंत्राट धरतात, तेव्हा तुझ्यासारख्या व्यक्तीला १ टक्काच कापतात. तुझा आकडा बरोबर दहा टक्क्यांचा आहे, म्हणजे त्यांनी फी धरलीय.

वर्षाचे १ लाख ८० हजार, त्यावर १८ हजार कापले. आयकराच्या साइटवर तुझ्या पॅननं लॉगिन करून २६एएस, म्हणजे तुझ्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता, उघड. त्यात एजन्सीचं नाव आणि तिमाहीप्रमाणे रक्कम दिसायला हवी. दिसली, तर विवरणपत्र भर. तुझ्या एवढ्या मिळकतीवर नव्या करप्रणालीत ह्या वर्षी करच लागत नाही, कारण १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सूट आहे. म्हणजे ते १८ हजार व्याजासकट परत येतील, पण विवरणपत्र भरलं तरच. तू एकदाही भरलं नाहीस असं पत्रावरून दिसतंय. मागच्या वर्षांचं काय करता येईल ते सीएला विचार आणि यंदाचं चुकवू नकोस. रक्कम दिसलीच नाही, तर एजन्सीला लेखी विचार: "टीडीएस कापलेला दिसतो, माझ्या पॅनवर जमा झालेला दिसत नाही, सर्टिफिकेट पाठवावं." कापून भरला नाही हा गुन्हा त्यांचा आहे, त्यात तू घाबरायचं काही कारण नाही. आणखी एक, त्यांना पॅन दिलाय ना हे बघ. पॅन नसला तर थेट २० टक्के कापतात. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६पासूनचा आहे, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, म्हणून मी क्रमांक सांगत बसत नाही. टीडीएस हा शब्द तोच राहील.

विवरणपत्रात तुझं उत्पन्न कसं दाखवायचं हे ठरवायला एकदा सीएकडे जाच. अंदाजे नफा धरून भरायची सोय आहे. काही ठरावीक व्यवसायांना जमेच्या ५० टक्के, तर धंद्याला बँकेतून आलेल्या जमेच्या ६ टक्के. तुझं काम नेमकं कुठल्या खान्यात बसतं ह्याबद्दल जाणकारांतच मतभेद आहेत. कुठल्या मैत्रिणीनं काय भरलं ते बघून भरू नकोस.

उद्यमचे अडीच हजार कुणाला देऊ नकोस. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आहे आणि पूर्ण फुकट आहे. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल एवढंच लागतं. पत्ता नीट वाचून सरकारच्याच साइटवर जा, कारण नावात उद्यम घालून पैसे उकळणाऱ्या खासगी साइट खूप आहेत. अर्ध्या तासाचं काम आहे. धंद्याचा कोड निवडताना डिझाइनच्या कामाचा, ७४१०, घे.

हे सर्टिफिकेट भिंतीवर लावायला घ्यायचं नाही. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात तुझ्यासारख्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे किती दिवसांत द्यायचे हे लिहिलंय. लेखी काही ठरलं नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवस. लेखी ठरलं असेल तर ठरलेली मुदत, पण कितीही ठरवलं तरी ४५ दिवसांच्या वर नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. ती राज्याच्या परिषदेपुढे जाते. एवढं कमी म्हणून २०२४च्या एप्रिलपासून आयकरातही एक तरतूद आलीय. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ह्या मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत देणाऱ्याला तो खर्च वजा मिळत नाही. व्यापाऱ्यांचे सीए मार्चमध्ये यादी मागतात ती ह्याचसाठी: "उद्यमवाल्यांपैकी कुणाकुणाचे पैसे थकलेत?" त्या यादीत तुझं नाव असेल तर तुझी आठवण त्यांनाच येईल. म्हणून उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छाप.

एक मात्र आधीच सांगते, नाहीतर आशा लावून बसशील. नोंदणीच्या आधी झालेल्या कामाला हा कायदा लागेल असं धरून चालू नकोस. नोंदणीनंतरच्या कामापुरताच फायदा देणारे निकाल न्यायालयांनी दिलेत. ते ४२ हजार दुसऱ्या वाटेनं काढू. पण उद्यम आजच काढ, म्हणजे पुढचं प्रत्येक काम त्या छत्राखाली येईल. काही अडलं तर सांगलीतल्या जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचार.

कंपनी काढू नकोस. वडिलांना कंपनी म्हणजे मान वाटतो, त्यांचं चूक नाही. पण प्रायव्हेट लिमिटेड काढली की एक रुपयाचा धंदा नसला तरी दरवर्षी ऑडिट आणि कंपनी निबंधकाकडे कागद भरणं आलं. तुझी एक-दोन महिन्यांची कमाई त्यातच जाईल. भागीदार घ्यायचा असेल, बाहेरचं भांडवल आणायचं असेल, तेव्हा बघू. आत्ता धंद्याच्या नावानं चालू खातं हवं असेल तर बँक दोन पुरावे मागते. उद्यमचं सर्टिफिकेट हा एक, आणि शॉप ॲक्ट, म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या कायद्याखालची नोंद, हा दुसरा. एकट्यानं काम करणाऱ्याला आता शॉप ॲक्टचं लायसन्स काढावं लागत नाही, ऑनलाइन माहिती भरली की पावती मिळते, तीच दाखवायची. आणि व्यवसाय कर भर, स्वतंत्र काम करणाऱ्याला वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनच्या आत. आपल्याकडे हा सर्रास विसरतात आणि मग मागच्या वर्षांची व्याजासकट नोटीस एकदम येते.

आता ते ४२ हजार.

तुझ्या वयाची असताना मी भाषांतराची आणि टायपिंगची कामं घ्यायचे. एका संस्थेचा वार्षिक अहवाल, शंभरेक पानं, रात्री जागून केला. तिथले मॅनेजर घरोब्याचे, म्हणून रक्कम तोंडी ठरली. काम दिलं, त्यांनी चहा पाजला, "पुढच्या मीटिंगनंतर चेक" म्हणाले. मीटिंग झाली आणि त्यांची बदली झाली. नवे साहेब भले होते, मला खुर्ची दिली, फाइल मागवली, पानं उलटली आणि म्हणाले, "बाई, तुमचं इथं काहीच नाही हो." अहवाल टेबलावर होता, छापलेला. त्यावर माझं एक अक्षर नव्हतं आणि त्यांच्या फाइलीत माझा एक कागद नव्हता. ते पैसे मला कधीच मिळाले नाहीत. रस्त्यानं येताना मला पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की त्या माणसाला मी खोटंही पाडू शकत नव्हते. म्हणून तुला इतक्या तळमळीनं सांगतेय.

तुझं बरं आहे. तुझ्याकडे व्हॉट्सॲपचं सगळं बोलणं आहे, ८ हजार खात्यात आल्याची नोंद आहे, फाइली पाठवल्याची तारीख आहे, आणि तुझी पाकिटं बाजारात विकायलाच आहेत. एखादं विकत आण आणि दुकानाची पावती जपून ठेव. बोलण्यातलं काही पुसू नकोस, मोबाइल बदलण्याआधी सगळं ई-मेलवर घे. वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा वेळ आहे, पण झोपायला नाही.

बिलासोबत हे पाठव, ई-मेलनं आणि व्हॉट्सॲपवरही:

"नमस्कार दादा. ८ ऑक्टोबरला दिलेल्या सात पाकिटांचं बिल सोबत जोडलंय. बाकी ४२,००० रुपये. १७ फेब्रुवारीपर्यंत खात्यात जमा करावेत ही विनंती. बिलात काही दुरुस्ती हवी असेल तर दोन दिवसांत कळवा."

माफी मागू नकोस, "गैरसमज नसावा" लिहू नकोस, घरची अडचण सांगू नकोस. तुझी अडचण आहे म्हणून ते देणं लागत नाहीत, काम घेतलं म्हणून लागतात. दुसऱ्या दिवशी अकाउंटंटला फोन करून बिल पोचलं का एवढंच विचार. १७ तारीख गेली तर १८ला एक आठवण. मार्च उजाडला की पुन्हा, ह्या वेळी "३१ मार्चच्या आत" असं लिहून, कारण त्यांनाही वर्षाचे हिशोब बंद करायचे असतात आणि तुझं बिल त्यांच्या कामाचं असतं. ओळखीची माणसं आहेत म्हणतेस ना? मग ओळखीतच हे सगळ्यात सोपं आहे. तोंडावर बोलायची वेळ येत नाही, कागद बोलतो. आणि सणासुदीला भेट झालीच तर पैशाचा विषय काढू नकोस, त्यांच्या मुलाबाळांची चौकशी कर.

एवढं करूनही नाही मिळाले, तर स्पीड पोस्टानं नोटीस. वकिलाच्या फीची काळजी करू नकोस. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, मिळकत कितीही असो. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथं साधा अर्ज कर. दावा न लावताच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. दोघं समोरासमोर बसतात, तडजोड झाली तर तो निवाडा न्यायालयाच्या हुकुमासारखा असतो आणि त्यावर अपील नसतं. सांगलीचा व्यापारी माणूस लोकअदालतीची चिठ्ठी आली की बहुतेक वेळा त्याआधीच फोन करतो, हे मी पाहिलंय.

पुढच्या कामांना इसार घे. मंडपवाला इसाराशिवाय बांबू उतरवत नाही आणि तू सात पाकिटं आठ हजारांवर करून मोकळी झालीस. निम्मे आधी, उरलेले फायनल फाइल देताना. नमुना दाखव तो कमी रिझोल्यूशनचा, वर आडवं नाव टाकून. छपाईची ओपन, म्हणजे बदल करता येणारी, फाइल पैसे आल्यावरच. करेक्शन दोनदा, तिसऱ्यापासून वेगळे पैसे, हे पहिल्याच मेसेजमध्ये लिही. "लोगो जरा मोठा करा" म्हणत नऊ-नऊ वेळा करून घेतात आणि शेवटी पहिलाच पसंत करतात, तुलाही ठाऊक आहे. आणि बिलावर एक ओळ वाढव: पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच डिझाइन वापरण्याचे हक्क मिळतील. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनं द्यावे लागतात. करवून घेतलेल्या काही प्रकारच्या चित्रांना आणि फोटोंना वेगळा नियम आहे, म्हणूनच आधी लिहून ठेवणं बरं.

आज जेवणं झाली की एक दोनशे पानी वही घे. पहिल्या पानावर ह्या वर्षीची सगळी कामं तारखेनं लिही: कुणाचं, किती ठरले, किती आले, टीडीएस किती, बाकी किती. पुण्याच्या एजन्सीलाही ह्या महिन्यापासून नेमानं बिल दे. मग कुपवाडचं बिल काढ आणि पाठवण्याआधी वडिलांना वाचायला दे. त्यांनी आयुष्यभर पट्ट्या तपासल्यात, एखादी ओळ राहिली असेल तर त्यांच्या लगेच लक्षात येईल.